१२३४५६५४३२१ : सहापर्यंत चढून परत उतरणारी संख्या, आत काय काय आहे?

रविवारची_वही (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा नववीत आहे. परवा दुपारी पाऊस लागून राहिला होता, बाहेर जाता येईना, म्हणून तिनं वहीत सहा एक लिहिले आणि त्या संख्येला त्याच संख्येनं गुणलं. उभा गुणाकार. सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज आली १२३४५६५४३२१. "आई, चढली आणि उतरली बघ!" म्हणून तिनं मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

माझी आज्जी शहापूरची. घरात मराठी, पण नारळ मोजायची ते कन्नडात: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. बाजारात मोजायची सवय घरातही राहिली होती तिला. लेकीनं ही संख्या तशीच म्हणून पाहिली, आरुपर्यंत वर आणि परत ओंदुपर्यंत खाली. किती वेळ म्हणत बसलो आम्ही दोघी.

मग थोडं वाचलं तेव्हा कळलं की ही संख्या साधारण ११७० वर्षांपूर्वी आपल्या या कर्नाटकातच लिहिली गेली आहे. महावीराचार्य नावाचे जैन गणिती, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या (८१४ ते ८७८) काळातले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' इ. स. ८५०च्या सुमाराचा. त्यात ही संख्या आकड्यांत मांडलेली नाही, शब्दांत सांगितली आहे: "एकादिषडन्तानि क्रमेण हीनानि". एकापासून सहापर्यंत, आणि मग क्रमानं कमी होत जाणारे. तीन शब्दांत अकरा अंक! हे वाचून अंगावर काटा आला.

दिसायला सुंदर आहे हे कळलं. पण ती आतून कशी आहे? लेकीला सांगता येईल असं, हातानं करून बघता येईल असं कुणी सांगाल का? मी बी.ए. मराठीची, त्यामुळे पायरी सोडू नका ही विनंती.

---

निपाणीचा_मास्तर

ताई, एकतीस वर्षं गणित शिकवलं, पण अशा प्रश्नाला आजही तितकाच आनंद होतो. पायरी सोडणार नाही.

आधी वाचून घेऊ. एक हजार दोनशे चौतीस कोटी, छप्पन्न लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. सेकंदाला एक असं मोजत बसलं तर साधारण ३९१ वर्षं लागतील, न झोपता.

आता आत शिरू.  आपली संख्या सहा एकांचा वर्ग; ते सहा एक १११ आणि १११ अशा दोन तुकड्यांत बघायचे. डावीकडचे १११ म्हणजे १११ हजार, उजवीकडचे नुसते १११. म्हणून

१११,१११ = १११ × १००१

१११ = ३ × ३७. आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणजे

१११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७

पाच मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. आपली संख्या हिचा वर्ग, म्हणून तिच्यात हेच पाच अवयव दोन-दोनदा. यापलीकडे तिच्यात काही नाही, आणि पुढचं जे काही सापडेल ते या पाचांतूनच येणार.

लेकीला एवढं करायला सांगा. संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडायची: १२, ३४५, ६५४, ३२१. आता ३२१ − ६५४ + ३४५ − १२. उत्तर शून्य येतं. याचा अर्थ १००१नं भाग जातो, म्हणजे ७, ११ आणि १३ तिघांनीही. मग त्याच तुकड्यांची नुसती बेरीज: १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १३३२, म्हणजे ३६ × ३७. तेव्हा ३७नंही भाग जातो. अंकांची बेरीज ३६, म्हणून ९नंही. भागाकार न करता पाचही अवयव हाताशी आले.

---

हिशेबनीस (चिकोडी)

मास्तरांचा मान ठेवून बोलतो. मला यात फार खोल काही दिसत नाही. एकांच्या संख्येचा वर्ग केला की अशी नक्षी येणारच. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१. दहा एक घ्या, तसंच पुढे. ही आपल्या दशमान पद्धतीची गंमत झाली, संख्येचा गुण कसा म्हणायचा?

---

वडगावचा_माग

चिकोडीच्या दादांना सांगतो, मी आकड्यांचा माणूस नाही, पण साडीच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचं काम आमच्यात तीन पिढ्या चाललंय. सहा घरं आडवी, सहा घरं उभी, असा चौकोन घ्या. आता आडव्या ओळी सोडा, तिरक्या ओळींनी मोजा. पहिल्या कोपऱ्यात एक घर, मग दोन, तीन, चार, पाच, मधली कर्णावरची सहा, मग पाच, चार, तीन, दोन, शेवटच्या कोपऱ्यात एक.

ताईंच्या लेकीच्या गुणाकारात ओळी एक-एक घर सरकवल्या म्हणजे हेच झालं. चौकोन तिरका धरला. म्हणून एकूण बेरीजही ३६, सहा सक्कं छत्तीस. घरं कुठं जातील?

---

निपाणीचा_मास्तर

वडगावच्या दादा, तुम्ही जे सांगितलं ते मी एकतीस वर्षांत फळ्यावर इतकं स्वच्छ काढलं नाही. आता नातवाला असंच शिकवणार.

हिशेबनीस, तुमच्या दोन मुद्द्यांतला एक चुकला आहे. "दहा एक घ्या, तसंच पुढे" हे खरं नाही. नऊ एकांपर्यंत नक्षी टिकते. दहा एकांना मधल्या तिरक्या ओळीत दहा घरं येतात, दहा हा एक अंक नाही, हातचा येतो आणि तो डावीकडे सरकत जातो. १११११११११चा म्हणजे नऊ एकांचा वर्ग सरळ ९पर्यंत चढून उतरतो, पण दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो. चढताना आठ गायब, मध्ये दोन शून्यं.

दुसरा मुद्दा अर्धा बरोबर आहे. चढ-उतार हा लिहिण्याच्या पद्धतीचा गुण आहे. सातच्या पायात (म्हणजे दहा-दहाऐवजी सात-सातचे गट करून) लिहिलं तरी सहा एकांचा वर्ग अगदी असाच दिसेल. पण ३, ७, ११, १३, ३७ हे पाच अवयव संख्येचे स्वतःचे. ते कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाहीत.



---

अथणीकर

माझी घरची भाषा कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे इथं लिहिताना चूकभूल द्यावी. आमच्या घरी महावीराचार्यांचं नाव लहानपणापासून ऐकलेलं.

त्या ग्रंथात असे बरेच गुणाकार आहेत ज्यांची उत्तरं गळ्यातल्या हारासारखी दोन्हीकडून सारखी दिसतात. काही मी वहीत उतरवून स्वतः गुणून पाहिलेत:

१३९ × १०९ = १५१५१
१२३४५६७९ × ९ = १११,१११,१११
१५२२०७ × ७३ = ११,१११,१११
१४२८५७१४३ × ७ = १,०००,०००,००१
३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११

आणि आपल्या संख्येसाठी जोडी आहे २७९९४६८१ आणि ४४१.

ही जोडी मी बरेच दिवस नुसती पाठ केली होती. मास्तरांनी अवयव दिल्यावर आज पुन्हा बघितली. ४४१ म्हणजे २१चा वर्ग. २१ = ३ × ७. उरले ११ × १३ × ३७ = ५२९१. आणि ५२९१चा वर्ग? २७९९४६८१! म्हणजे दोन्ही मणी स्वतःच पूर्ण वर्ग आहेत. २७९९४६८१ बघून कुणाला वाटेल का, की हा वर्ग आहे आणि याला ४४१नं गुणलं की असा हार ओवला जाईल? ज्यानं ही जोडी निवडली त्याला आतले अवयव दिसत होते असं मला मनापासून वाटतं.

---

सीमेवरचा

महावीराचार्य आपले की त्यांचे, यावर पण कुणीतरी बोला. राष्ट्रकूट तर वेरूळचं कैलास लेणं कोरणारे.

---

संपादक

राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. कैलास लेणं त्यांचंच. ग्रंथ संस्कृतात आहे. एवढं पुरे, या धाग्यावर संख्येवरच बोलूया.

---

अनगोळ_दहावी

सर, मी एसएसएलसीला आहे. मी या संख्येचे विभाजक मोजले. जोड्या लावत गेलो, एकाला स्वतः संख्या, ३ला तिचा तिसरा भाग, असं. विभाजक जोडीनं येतात म्हणून एकूण सम यायला हवेत. मला २४२ मिळाले. बरोबर का?

---

निपाणीचा_मास्तर

बाळ, पद्धत उत्तम, एक विभाजक निसटला. १११,१११ची जोडी कोण? तीच. ती एकटी उभी राहते. म्हणून २४३. कुठल्याही पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते, ती याच एकट्या वर्गमुळामुळे.

थेट मोजायचं तर असं: विभाजक बनवताना ३ घ्यायचाच नाही, एकदा घ्यायचा, किंवा दोनदा घ्यायचा. तीन पर्याय. ७चे तीन, ११चे तीन, १३चे तीन, ३७चे तीन. ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३.

---

अनगोळ_दहावी

कळलं सर. मग या २४३ विभाजकांची बेरीज पण अशीच निघते का? आमच्या पुस्तकात ६ आणि २८ परिपूर्ण संख्या दिल्यात, स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज तेवढीच येते त्या. ही विषम आहे, म्हणजे हिची बेरीज कमीच भरणार ना? विषम संख्येला २चा विभाजक नसतो, अर्धा भागच मिळत नाही.

---

निपाणीचा_मास्तर

तुझ्या प्रश्नानं मला रात्री साडेअकरापर्यंत जागं ठेवलं.

बेरीज अशी निघते. प्रत्येक अवयवासाठी १ + तो + त्याचा वर्ग, आणि मग सगळ्यांचा गुणाकार.

३साठी १ + ३ + ९ = १३
७साठी १ + ७ + ४९ = ५७
११साठी १३३
१३साठी १८३
३७साठी १४०७

गुणाकार हातानं केला, मग उलटा भागून तपासला: २५,३७,५५,२४,९९३. संख्येची दुप्पट २४,६९,१३,०८,६४२. बेरीज दुपटीच्याही वर गेली! स्वतःला सोडून उरलेल्या २४२ विभाजकांची बेरीज १३,०२,९८,७०,६७२ होते, संख्येपेक्षा ६८,४२,१६,३५१नं जास्त.

अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. विषम असून विपुल ही दुर्मीळ जात. सगळ्यात लहान विषम विपुल संख्या ९४५, तिच्या बाकी विभाजकांची बेरीज ९७५. तेव्हा तुझा अंदाज बहुतेक विषम संख्यांना लागू पडतो, पण सगळ्यांना नाही. इथं ३, ७, ११, १३ असे लहान अवयव आणि जोडीला ३७ एकत्र जमलेत, त्यांनी मिळून २ची उणीव भरून काढली.

---

अनगोळ_दहावी

मग सर, ३७ काढून टाकला तर? तेव्हा बरोबर दुप्पट येईल का? थोडं कमी करायचं तर शेवटचा मणी काढून बघावा असं वाटलं.

---

हिशेबनीस (चिकोडी)

हे मी करतो, बेरजा हे माझं रोजचं काम.

३, ७, ११, १३ यांचे वर्ग गुणले: ३००३चा वर्ग, ९०,१८,००९. विभाजकांची बेरीज १३ × ५७ × १३३ × १८३ = १,८०,३५,१९९. दुप्पट हवी होती १,८०,३६,०१८.

फरक फक्त ८१९. एक कोटी ऐंशी लाखांत ८१९ कमी. मी तीनदा तपासलं, फरक तोच. मास्तर, सुरुवातीला मी "खोल काही दिसत नाही" म्हटलं होतं ते मागे घेतो. इतक्या जवळ येऊन चुकणं हा योगायोग आहे का?

---

निपाणीचा_मास्तर

हिशेबनीस, तुम्ही आज ज्या उंबऱ्यावर उभे आहात तिथं फ्रान्सचा तत्त्वज्ञ आणि गणिती देकार्त १६३८ साली उभा होता. मेर्सेन या गणिती मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं एक संख्या दिली:

१,९८,५८,५५,७६,१८९ = ३² × ७² × ११² × १३² × २२०२१

पहिले चार मणी पाहा. आपलेच. फक्त ३७च्या वर्गाच्या जागी त्यानं २२०२१ ओवला.

का, ते तुमच्याच ८१९मधून निघतं. आपल्याला असा एक मूळ अवयव हवा की बेरीज नेमकी दुप्पट व्हावी. मूळ संख्येचे विभाजक दोनच, एक आणि ती स्वतः, म्हणून बेरीज तिच्याहून एकानं जास्त. समीकरण सोडवलं तर तो अवयव १,८०,३५,१९९ भागिले ८१९ एवढा यावा लागतो. भागाकार करा. निःशेष जातो, २२०२१. दुसरा कुठलाही चालणार नाही. ३७ फार लहान पडला, त्यानं पारडं पार खाली नेलं.

आता १,८०,३५,१९९ × २२०२२ करा. उत्तर देकार्तच्या संख्येच्या बरोबर दुप्पट येतं, एकाचाही फरक नाही. म्हणजे विषम परिपूर्ण संख्या सापडली! फक्त एक अट: २२०२१ मूळ संख्या असायला हवी.

ती नाही. २२०२१ = १९ × १९ × ६१.

हे देकार्तलाही माहीत होतं. "हा अवयव मूळ असता तर" असंच त्याचं म्हणणं होतं. विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. असलीच तर ती १५००हून जास्त अंकांची असणार, एवढं २०१२ साली दाखवून दिलं गेलं.

महावीराचार्यांनी हार ओवताना परिपूर्ण संख्येचा विचार केला होता असं मी म्हणत नाही. त्यांना सहा एकांचा वर्ग हवा होता, देकार्तला विभाजकांची बेरीज. पण दोघांच्या हातात चार मणी तेच आले, मध्ये जवळजवळ आठशे वर्षं गेली, हे लिहिताना माझा हात थांबला.

---

अथणीकर

मास्तर, हे वाचून मी उठून घरात सगळ्यांना सांगितलं. आज रविवार, बेळगावला आलोच होतो, किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आलो. मंडपात बसून ८१९ × २२०२१ वहीवर केलं. १,८०,३५,१९९. बरोबर आहे.

---

रविवारची_वही (टिळकवाडी, बेळगाव)

लेकीनं सगळा धागा मोठ्यानं वाचला. २२०२१ला १९नं भाग जातो हे कळलं तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. "एवढं जवळ येऊन?" म्हणाली. मग लगेच पुढचा प्रश्न: सहा एकांत ७ आणि १३ का येतात, १७ किंवा १९ का येत नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

---

निपाणीचा_मास्तर

तिला १ भागिले ७ करायला सांगा. ०.१४२८५७ १४२८५७ असं सहा अंकांनी परत फिरतं. १ भागिले १३ केलं तर ०७६९२३, तेही सहा. ३७ला ०२७, तीन अंक. ११ला ०९, दोन. सहा अंकांनी (किंवा सहाला भाग जाईल एवढ्या अंकांनी) फिरणारी मूळ संख्याच सहा नवांना, ९९९९९९ला, निःशेष भागते. आणि सहा नव म्हणजे सहा एकांची नऊपट. १७चा भागाकार सोळा अंकांनी फिरतो, १९चा अठरा. त्यांचा हार आणखी लांब हवा.

---

सुतारकाम_खानापूर

गेले चार दिवस वाचायलोय, आज लिहितो. काटकोन म्हटलं की आमचा गुण्या, आणि मोठ्या जागेला दोरी: तीन, चार, पाच. मी म्हटलं या संख्येतून काटकोन निघतो का बघू. वर्ग आहे, म्हणजे १११,१११ हा कर्ण धरता येईल.

पुतण्या इंजिनियरिंगला आहे, त्याच्याकडून काढून घेतलं. चार रीतींनी निघतो. त्यातली एक बघा: एक बाजू ३६०३६, दुसरी १०५१०५, कर्ण सहा एक, १११,१११. तिन्ही आकडे दिसायला पण सारखेच नटलेले! तिघांना ३००३नं भागलं की उरतात १२, ३५ आणि ३७. १४४ आणि १२२५, मिळून १३६९.

काल हलगा रोडला एका घराची आखणी होती. पाया अरुंद, लांबी जास्त, तिथं तीन-चार-पाच लावलं तर दोरी तोकडी पडते. मी बारा फुटांवर खुंटी मारली, दुसऱ्या बाजूला पस्तीसवर, आणि टेप तिरका धरला. सदतीसच्या रेघेवर येऊन बसला. वर गुण्या लावून पाहिला, सूतभरही फरक नाही.